जळबामामाचे पाच जी

माझी थोरली नात पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत घरी आली की कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवत बसते. परवा मीही खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. तिच्या एका हातात विमान, दुसऱ्या हातात चिवडा. मध्येच ओरडली, "आजोबा, बघा, नऊ जी खेचले!" पडदा कडेकडेनं जरा काळा झाला, आतून कुणी धापा टाकतंय असा आवाज आला, आणि पोरीनं चिवड्यातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला.

मी म्हटलं, "बाई, नऊ जी लागले असते तर शेंगदाणा राहू दे, तुझा हात तरी ताटलीपर्यंत गेला असता का?"

"तुम्हाला काय माहीत, आजोबा?"

आता बघा, सातवी पास शिंप्याला जी काय माहीत असणार? पण मला जळबा माहीत होता. आणि जळबाला पाच जी माहीत होते, पोटापासून माहीत होते. तिला सांगायला लागलो तर ती म्हणाली, "थांबा, ही लढाई संपू दे." तिची लढाई काही संपली नाही, म्हणून लिहून काढतोय.

साल चौऱ्याहत्तर. आमचा जिल्हा तेव्हा परभणी. वारंगा फाट्यावर माझं शिवणकामाचं दुकान, आणि मधे एक पत्रा सोडून पलीकडं जळबाचं पंपमोटारी दुरुस्तीचं. माणूस दिसायला काहीच नाही. बावन्न किलो वजन, तेही मिशा धरून. पण दुकान पाहावं. भिंतीला एक पांढरी फळी, तिच्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची काळ्या रंगानं काढलेली आकृती. काम झालं की पाना आपल्या आकृतीवर. सांजेला एक जरी आकृती रिकामी दिसली तर दुकान बंद व्हायचं नाही. एकदा बारा नंबरचा पाना सापडेना, तर गिऱ्हाइकाची बसवून दिलेली अख्खी मोटार परत उघडली. गिऱ्हाईक शिरड शहापूरचा लखमा, तो म्हणाला, "मामा, जाऊ द्या ना, पाना माझ्या हिरीत पडला असं समजा." जळबा म्हणाला, "विमानात राहिला असता तर कुणाच्या हिरीत पडला असता?" पाना मोटारीच्या मागंच निघाला.

ही सवय हवाई दलातली. सत्तावन्न साली भरती झाला, पंधरा वर्षं नोकरी करून बहात्तर साली आला. आला तो निळसर गणवेशात, फाट्यावर एसटीतून उतरला, आणि तिथंच घोटाळा झाला.

आमच्याकडं तेव्हा समज काय? पोलीस म्हणजे काठी मारणार, ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणार, तसा हवाई दलातला म्हणजे विमान चालवणार. विमानाला तेलपाणी लागतं, खिळा लागतो, कागद लागतो, हे कुणाच्या ध्यानात कशाला येईल? बसमधून उतरल्यापासून तो पायलटमामा. आणि खरं सांगायचं तर त्या समजाला पाणी मी घातलं. माझ्या दुकानात माणसं कापड घेऊन बसायची, त्यांना काहीतरी सांगावं लागायचं. पहिल्या वर्षी जळबा एकाहत्तरच्या लढाईत उडाला. दुसऱ्या वर्षी त्यानं चार बाँब टाकले. एक पूल पाडला, तो पण मीच पाडला, एका सफारीच्या काजांच्या वेळी.

जळबा सुरुवातीला चिडायचा. "मास्तर, काहून फेकता? मी कवाच विमान चालवलं न्हाई." पण किती जणांना सांगणार? शेवटी गप्प बसायला लागला. शिरड शहापूरला त्याची बहीण चतुराबाई दिली होती, ती तर पाणवठ्यावर छाती काढून सांगायची, "माझा भाऊ पायलट हाय." बहिणीचं ते तोंड बघून त्याच्या जिभेला कुलूप बसलं.

खरं काय करायचा तो तिथं? ऐका. विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांना आधी एका डब्यात बसवतात. लाकडी डबा, त्याला इवलेसे पंख, आत विमानातली सगळी घड्याळं. वरून झाकण लावलं की आत अंधार. खाली लोहाराचे असतात तसे भाते, त्यात हवा भरली-काढली की डबा कलतो, मान टाकतो, गोल फिरतो. आतलं पोरगं नुसत्या घड्याळांवर विमान हाकतं, बाहेर टेबलावर एक सुई कागदावर त्याची वाट काढत जाते. जळबा त्या डब्याचा माणूस. भाते शिवायचे, सुई नीट ठेवायची, पोरगं चुकलं तर कागद साहेबापुढं ठेवायचा. पंधरा वर्षं हेच.

तर त्या वर्षी होळी झाल्यावर फाट्यावर एक ट्रक येऊन थांबला. मालक बाबूसिंग, पोट सुटलेला, हिंदी बोलणारा. आणि त्याचा भागीदार माणिकराव. हा वसमतकडचा. तिशीच्या आतला, उंच, गोरा. मार्चच्या उन्हात अंगात कातड्याचं जाकीट, डोक्यावर तेल इतकं की माशी बसली तर घसरावी, डोळ्यांवर गॉगल, आणि तोंडात पान. थुंकायचा तो दुसऱ्याच्या चपलेजवळ. मला पहिल्याच दिवशी शिसारी आली, पण जाकीट मात्र चांगलं शिवलेलं होतं, ते सांगायला पाहिजे.

ट्रकमधून निघाला एक पत्र्याचा डबा. वर रंगवलेलं: 'असली लढाऊ विमान. युद्धाचा अनुभव. दहा जी!' डबा चार ट्रकट्यूबवर ठेवलेला. आत बसायला बस-सीट, समोर एक पंखा. पडद्यामागून दोन माणसं बांबूनं डबा हलवायची, तिसरा पिंपात खडी घालून घोळवायचा. माणिकराव भोंग्यातून ओरडायचा, "आता तीन जी... आता सात जी... दुश्मन मागं आला... दहा जी!" आतला माणूस किंचाळायचा, बाहेरचे हसायचे. बाहेर येऊन जो तो छाती फुगवून, "दहा जी खाल्ले!"

जळबा दोन दिवस तिकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मीच ओढून नेला. आत बसला. मी फटीतून बघत होतो. डबा डाव्या अंगाला, उजव्या अंगाला, वर, खाली. भोंग्यात "दहा जी!" जळबा हात मांडीवर ठेवून सोसायटीच्या सभेत बसावा तसा बसलेला. उतरला तर नाक आक्रसलेलं. आत कालपासून चार जण ओकले होते, वर नुसती माती टाकली होती, त्याचा वास. पण नाक त्या वासानं आक्रसलं नव्हतं.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, माझा डबा पण डबाच व्हता. पण आमी कवाच म्हणलो न्हाई का ह्यात जी हाय. साहेब पहिल्या दिवशी पोरांना सांगायचा, ह्यात घड्याळं शिका, अंगाचं काय व्हतं ते इथं कळणार न्हाई. आन हा भाड्या दहा जी म्हणतो. दहा जी!" आणि थुंकला. जळबा कधी थुंकत नसे.

इथवर नुसता तमाशा होता. पण पाचव्या दिवशी चतुराबाईचा नवरा कोंडीबा सायकल दामटत फाट्यावर आला. तोंडभर हसू.

"मेव्हणे, काम झालं. जनकाला ठिकाण आलं."

जनका त्याची थोरली. मॅट्रिक झालेली, एकोणीस वर्षांची, कामाला वाघीण. कोंडीबाची पाच एकर कोरडवाहू, पण पोरीला शिकवलेलं. "पाहुणा कोण?" जळबा म्हणाला.

"अवो, तुमचाच माणूस! तुमच्या हाताखाली उडालेला. माणिकराव."

जळबाच्या हातातला पाना तसाच राहिला.

झालं असं की माणिकराव शिरड शहापूरच्या बाजाराला डबा घेऊन गेला होता. तिथं जनका दिसली. चौकशी केली तर कळलं की पोरगी पायलटमामाची भाची. लागलीच चारचौघांत म्हणाला, "जळबाराव? अहो, ते माझे सीनियर! लढाईत मी त्यांच्या विमानाच्या मागं उडालोय. पायाला गोळी लागली म्हणून मला घरी पाठवलं." चतुराबाईनं ऐकलं आणि तिला आभाळ दोन बोटं उरलं. भाऊ पायलट, आता जावई पायलट.

"रविवारी बैठक हाय," कोंडीबा म्हणाला. "तुमी याल तवाच साखर उचलायची."

त्यांच्या घरात ही रीत. नारळ-सुपारी बौद्ध झाल्यापासून सोडलेली. तबकात साखर ठेवायची, आणि मुलीच्या मामानं पहिला चिमटा उचलून "पसंत" म्हणायचं. मामानं म्हटलं की सोयरीक पक्की. मग बापालासुद्धा मोडता येत नाही. मामानं नाही उचलली तर बैठक उठली. पण नकाराचं कारण तोंडानं सांगावं लागतं, सगळ्यांसमोर. नुसतं नाक आक्रसून चालत नाही.

त्याच दुपारी माणिकराव जळबाच्या दुकानात आला. मी पत्र्याच्या अलीकडं चोळीच्या बाह्या लावत होतो. मशीन थांबवलं. ऐकू आलं ते ऐकलं, त्यात माझा काय दोष?

"नमस्कार मामा," माणिकराव म्हणाला. पान चघळतच. "घाबरू नका. मी तळावरच होतो तुमच्या. कँटीनमध्ये. डब्याच्या खोलीत चहा घेऊन यायचो, तुम्ही भाता शिवत बसलेले असायचे. दोन साखर."

जळबानं हातातला पाना फळीवर टांगला.

"इथं येऊन ऐकतो तर काय, तुम्ही पूल पाडलाय म्हणे. मी हसून हसून मेलो. पण चांगलं केलंत. मामा, माणसानं मोठं व्हावं. तुम्ही झालात, मी पण होतो. तुम्ही माझं झाका, मी तुमचं झाकतो. साखर उचला, गप्प बसा. पोरगी सुखात राहील. मी काय तिला मारणार आहे का?" आणि पच्‌कन थुंकला.

तो गेल्यावर मी पत्रा ओलांडून गेलो. फळीच्या खाली, चौदा नंबरच्या आकृतीजवळ लाल पिंक पडलेली. जळबा फडकं घेऊन ती पुसत होता. पुसून झाली तरी पुसत होता.

"मास्तर, त्यानं मला सोबती केला," जळबा म्हणाला. "त्याच्या संगतीचा. ती किळस जात न्हाई."

मी म्हटलं, "सगळं माझ्यामुळं झालं."

"तुमी सांगितलं, मी ऐकून घेतलं. निम्मंनिम्मं." मग म्हणाला, "खरं सांगायला गेलो तर चतुराचं तोंड पडतं. शिरडात माझं नाव जातं. न्हाई सांगितलं तर जनका जाते."

मी शिंपी. कापड इकडून कमी केलं की तिकडं अपुरं पडतं, एवढं मला कळतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं शिरड शहापूरला गेलो. पाहुणे अकराला यायचे होते. अंगण नुकतं पांढऱ्या मातीनं सारवलेलं, उरलेली ओली माती कोपऱ्यात पाटीत. चुलीवर मटणाच्या सागुतीचं पातेलं, पाऊणशे माणसांचा स्वयंपाक. जळबा सरळ आत जनकाकडं गेला, मी दारात.

"पोरी, तुला तो कसा वाटला?"

जनका कांदे चिरत होती. "मामा, तुमी पसंत म्हणाल तर मी जाईन. पण एक सांगू? विमानाचं सांगताना तो माझ्याकडं बघत न्हाई. भिंतीवरच्या आरशात बघतो."

"आजून?"

"आजून काय? मला विमानातलं काय कळतं? ते तुमालाच कळतं. म्हणून तर तुमची वाट बघून राहिले."

जळबा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मोटार उघडताना व्हायचा तसा झाला होता.

पाहुणे आले. माणिकराव, त्याचा एक चुलता, आणि पोटासह बाबूसिंग. ओसरीवर पुरुष, दारामागं बायका. चहा झाला. कोंडीबानं हौसेनं विषय काढला, "पाहुणे, त्या लढाईचं सांगा की. आमचे मेव्हणे तर तोंड उघडत न्हाईत."

माणिकरावानं जाकिटाची चेन खाली ओढली. "काय सांगू? सहा हजार फूट. दुश्मन मागं. मी विमान असं वळवलं, एकदम तिरपं, आठ जी! खिशातून रुमाल काढला, घाम पुसला, मान मागं वळवून बघितलं, तर तो सुटलेला. पोटात जरा गुदगुल्या होतात, एवढंच. पाळण्यात होतात तशा. मामांना विचारा."

सगळ्यांनी जळबाकडं बघितलं. माणिकरावानं पण बघितलं, आणि एक डोळा बारीक केला. तो डोळा मी पाहिला. अजून आठवला की चहा नको वाटतो.

चतुराबाई तबक घेऊन पुढं आली. साखर. "जळबा, उचल रे."

जळबानं तबक हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "दाजी, गोफण हाय का घरात?"

"गोफण?" कोंडीबा गोंधळला. "ज्वारी तर निघाली. कशाला?"

खुंटीवर होतीच. जळबानं पाटीतली ओली माती घेतली, लिंबाएवढे दोन गोळे केले. एक गोफणीच्या झोळीत ठेवला आणि झोळी हातांत धरून नुसती हलवली, डावीकडं, उजवीकडं, वर, खाली. मग गोळा काढून ओट्यावर ठेवला. होता तसाच गोल.

"हा पाहुण्यांचा डबा," तो म्हणाला. "कितीबी हलवा."

मग दुसरा गोळा झोळीत घातला, अंगणाच्या मधोमध गेला, आणि गोफण फिरवली. ज्वारीच्या मचाणावरनं फिरवतात तशी, भन्‌भन्‌भन्‌. माणसं मागं सरकली. थांबवून गोळा काढला. भाकरीसारखा चपटा झालेला, त्यावर सुतळीच्या विणीची नक्षी उठलेली.

"हे विमान. वळताना माणूस असा व्हतो. जी म्हणजे आपलंच वजन, दुसरं काय न्हाई. एक जी म्हणजे आत्ता बसलाव तेवढं. पाच जी म्हणजे माझ्याच अंगावर आजून चार जळबा. मी बावन्न किलोचा, अडीच पोते ज्वारीहून जास्त झालो. हात मांडीवरून उचलला न्हाई. गाल खाली लोंबले, खालचा व्हट गळ्याला लागतो का काय असं झालं. पहिल्यांदा रंग गेले. हिरवं हिरवं राहिलं न्हाई, समदं राखेसारखं. मग कडा गेल्या, बांबूच्या नळीतून बघावं तेवढं दिसू लागलं. मग तेबी गेलं. डोळे उघडे, आन काळं. कान मातर चालू व्हते. आन हे पाहुणे आठ जीमधी रुमाल काढतात. मान मागं वळवतात. आठ जीमधी नुसतं डोकंच एक मणाचं व्हतं, दाजी. वळवून तर बघा."

माणिकराव हसला, पण पान चघळायचं थांबला होता. "मामांचं वय झालं. आम्हा जवानांना काही होत नाही."

"पायलटला व्हतं," जळबा म्हणाला. "तो पोट आवळतो, दात खातो, हूं हूं करून रगत डोक्यात धरून ठेवतो. पायाला आवळणारी विजार घालतो. मग त्याला दिसत राहतं. मला न्हाई दिसलं. कारण मी पायलट न्हाई."

दारामागं बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"मी कवाच विमान चालवलं न्हाई. पंधरा वर्षं डब्याचे भाते शिवले. एक पोरगं व्हतं, डब्यात शंभरपैकी शंभर. विमानात पहिल्याच वळणात डोळ्यापुढं काळं झालं, शेजारी साहेब व्हता म्हणून वाचलं. उतरल्यावर साहेब माझ्या खोलीत आला, म्हणाला, चल जळबा, तुझा डबा काय शिकवत न्हाई ते दाखवतो. दोघांच्या विमानात शेजारी बसवलं. पाच जी. मी बेसुद्ध झालो. शुद्धीवर आलो तवा तोंडावर ओकारी व्हती, आन विजार..." थांबला. मग म्हणाला, "विजार समोरून बी खराब व्हती आन मागून बी. साहेबानं सीट मलाच धुवायला लावली. तेवढाच मी उडालो. पंधरा वर्षांत एकवीस मिनिटं."

मग लखमानं तोंडावर उपरणं धरलं आणि फिस्सकन हसला, आणि सगळी ओसरी फुटली. म्हातारे हसले, दारामागं बायका हसल्या. जळबा मधोमध उभा, हातात चपटा गोळा.

माणिकरावाला वाटलं, आपली वेळ आली. उठला, बोट रोखून म्हणाला, "बघा! ऐका ह्यांच्याच तोंडानं! हे पायलट कधीच नव्हते! मला पहिल्यापासून माहीत होतं, भाते शिवणारा माणूस हा! आणि असला माणूस मला शिकवतो!"

तेव्हा चतुराबाई उंबरा ओलांडून बाहेर आली. तोंड पांढरं पडलं होतं, पण आवाज साफ.

"पहिल्यापासून माहीत व्हतं?"

"हो! मी बघितलंय ना!"

"मग बाजारात चारचौघांत म्हणला ते काय? माझ्या भावाच्या विमानाच्या मागं उडालो म्हणून? भाऊ उडालाच न्हाई, तर तू कुणाच्या मागं उडालास रे?"

माणिकरावाचं तोंड उघडं राहिलं. लाल जीभ दिसली. बाबूसिंगनं पोट सावरलं, उठला, चपला पायात घातल्या. "चलो मानिक, गाड़ी में बैठो," म्हणाला. कोंडीबाकडं वळून हात जोडले, "माफ करना भाई. मैं तो सिर्फ डब्बे का मालिक हूँ." चुलता त्याच्या आधीच फाटकापाशी पोचला होता. माणिकराव जाताना सारवलेल्या अंगणात थुंकला. जनका आतून राखेची मूठ घेऊन आली, त्या थुंकीवर टाकली आणि पाहुणे फाटकातून दिसत होते तोवर तिथंच उभी राहिली.

आता तुम्हाला वाटेल, सगळ्यांनी जळबाला खांद्यावर घेतलं. छे! कोंडीबा त्याच्यावरच तापला.

"दोन वर्षं आमाला काहून फशिवलं? सोयऱ्याधायऱ्यांत आमी पायलट, पायलट करत फिरलो! तो लबाड गेला, बराबर. पण तुमी?"

"फशिवलं," जळबा म्हणाला. "गप्प बसून फशिवलं."

"आन ते चार बाँब? त्यो पूल?"

जळबानं माझ्याकडं बघितलं नाही. तो बघणार नव्हताच. मीच हात वर केला. "पूल मी पाडला, कोंडीबा."

पुन्हा हशा. कोंडीबाला मात्र हसू येईना. पण पाऊणशे माणसांची सागुती शिजलेली, ती काय करणार? पंगत बसली. जळबाला घास जाईना. भाकरी मोडायची, खाली ठेवायची. "ते समदं परत आठवलं मास्तर," मला हळूच म्हणाला. "तोंडावरचं. आन त्याचा तो डोळा." पलीकडून लखमा ओरडला, "मामा, रस्सा पातळ हाय, विजार सांभाळा!" जनका वाढत होती. ती लखमासमोर पातेलं घेऊन थांबली, वाढलं नाही, पुढं गेली. लखमा कोरडी भाकरी चावत बसला.

आणखी किळसवाणी गोष्ट अशी की डबा काही बंद पडला नाही. फाट्यावर पुढं चार दिवस रांगा. शिरड शहापूरच्या बैठकीतले निम्मे लोक, गोफण डोळ्यांनी बघितलेले, त्या रांगेत. उतरायचे आणि जळबाच्या दुकानासमोर येऊन म्हणायचे, "मामा, आमाला तर दहा जीमधी काय झालं न्हाई!" माणिकराव भोंग्यातून मुद्दाम ओरडायचा, "ज्यांची विजार कच्ची त्यांनी बसू नये!" जळबानं दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून हिंगोलीला पाहुण्याकडं जाऊन राहिला. लबाडाचा राग येतो, तो उतरतो. पण त्या रांगेचा, त्या दात काढणाऱ्या माणसांचा जो वीट आला त्याला, तो वर्षभर उतरला नाही. कुणी "मामा, विमानाचं सांगा" म्हटलं की तो पहिल्यांदा विजारीपासूनच सुरू करायचा. पुढचं ऐकायला फार थोडे थांबायचे.

मी पण त्या डब्यात एकदा बसलो, जळबा हिंगोलीला असताना. लपवत नाही. मजा आली. त्याला सांगितलं तर तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि माझं मशीन बिघडलं तेव्हा दुरुस्त करून, मुकाट्यानं, तेलाचा डाग न पडू देता परत ठेवून गेला.

कोंडीबा सहा महिने मेव्हण्याच्या दारात आला नाही. माणिकरावाची खबर मात्र त्याला दिवाळीला कळली. पुसेगावच्या बाजारात त्यानं तोच डाव आणखी एका घरी टाकला होता, आणि तिथं गप्प बसणारा मामा सापडला. त्या पोरीला तो दसऱ्याच्या आत माहेरी सोडून गेला. हे ऐकलं त्या दिवशी कोंडीबा खुंटीवरची गोफण हातात घेऊन ओसरीवर बसला होता, असं चतुराबाईनं सांगितलं.

पुढच्या वर्षी जनकाला दुसरं ठिकाण आलं. हिंगोलीच्या एसटी डेपोतला मेकॅनिक, बोटं ग्रीसनं काळी, बोलायला लाजणारा. तबकात साखर आली. मुलाकडचा एक म्हातारा, खानदानाची नीट चौकशी करणारा, कोंडीबाला विचारता झाला, "मुलीचे मामा काय करतात?"

ओसरीवरचे दोघंतिघं गालातल्या गालात हसायला लागले. जळबानं मान खाली घातली. कोंडीबाचं तोंड कुठं वळेल त्याचा भरवसा नव्हता.

कोंडीबानं पागोटं नीट केलं. "हवाई दलात व्हते," तो म्हणाला. "पण उडायचे न्हाईत. एकदा उडाले, तवा काय झालं ते तेच सांगतील. ते खोटं सांगत न्हाईत." आणि तबक उचलून त्यानं स्वतःच्या हातानं मेव्हण्यापुढं धरलं.